डिरेक्टरी लॉगिन का अडते? लॉगिंग प्रॉक्सी उभारून तपासणी

अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये काही जणांचे लॉगिन होत नव्हते. पडद्यावर ‘लॉगिन अयशस्वी’ एवढेच उमटत होते, आणि पासवर्ड बरोबरच टाकला, असे जो तो ठामपणे सांगत होता. अशा वेळी सॉफ्टवेअर आणि डिरेक्टरी सर्व्हर (खाती व पासवर्ड तपासणारा सर्व्हर) यांच्यामध्ये छोटा प्रॉक्सी, म्हणजे निरोप पुढे पोचवणारा मधला प्रोग्राम, बसवला, तर दोघांत नेमकी काय देवाणघेवाण होते ते दिसते.

एलडॅप ही डिरेक्टरीशी बोलण्याची पद्धत, आणि बाइंड म्हणजे तिच्यातील लॉगिन. ३८९ पोर्टवरील साध्या एलडॅप बाइंडमध्ये पासवर्ड उघडाच जातो. म्हणून मालकांची लेखी परवानगी घ्यावी आणि मुद्दाम काढलेले चाचणी खातेच वापरावे.

प्रॉक्सीने १३८९ पोर्टवर ऐकावे. १०२४ च्या खालच्या पोर्टसाठी लिनक्सवर सहसा विशेष अधिकार लागतात. प्रत्येक जोडणी आली की सर्व्हरच्या ३८९ पोर्टशी दुसरी जोडणी उघडावी आणि दोन थ्रेडनी (प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या दोन शाखांनी) दोन्ही दिशांचे बाइट जसेच्या तसे पुढे पाठवावेत. मग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरऐवजी प्रॉक्सीचा पत्ता व पोर्ट भरावा.

खरी कसोटी लॉग लिहिण्यात आहे. टीसीपीमध्ये, म्हणजे हे बाइट ज्या पद्धतीने जातात तिच्यात, एक संदेश दोन तुकड्यांतही येऊ शकतो, म्हणून बाइट साठवून, संदेशात दिलेल्या लांबीइतके जमल्यावरच तो उलगडावा. हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत) संदेश ३० ने सुरू होतो. पुढची लांबी एका बाइटचीच असेल असे धरू नये, कारण मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणा बहुधा ८४ लिहून पुढे चार बाइटांत लांबी देतात. बाइंडची विनंती ६० ने, तर उत्तर ६१ ने ओळखावे. विनंतीत आवृत्ती, नाव आणि शेवटी ८० या खुणेनंतर पासवर्डची लांबी व पासवर्ड येतो. तो पासवर्ड लॉगमध्ये कधीही लिहू नये. लांबी मात्र अवश्य लिहावी.

अंबडला त्या लांबीनेच उलगडा झाला. चाचणी खात्याचा पासवर्ड बारा अक्षरांचा होता, पण ८० च्या पुढे ०८ होते. सॉफ्टवेअर शेवटची चार अक्षरे कापत होते, आणि सर्व्हर ४९ हा कोड, म्हणजे ओळखपत्रे अमान्य, असे रास्त उत्तर देत होता. मायक्रोसॉफ्टची डिरेक्टरी, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी, त्यासोबत उपकोडही देते: ५२ई म्हणजे पासवर्ड चुकीचा, ७७५ म्हणजे खाते कुलूपबंद.

काम संपताच जुना पत्ता परत भरावा, प्रॉक्सी बंद करावा, लॉग पुसावा आणि चाचणी खाते काढून टाकावे. त्यानंतर ६३६ पोर्टवर किंवा स्टार्टटीएलएसने (चालू जोडणीच कूटबद्ध करणाऱ्या आज्ञेने) जोडणी कूटबद्ध करून घ्यावी. मग या प्रॉक्सीला त्या जोडणीतील नाव वा पासवर्ड वाचता येणार नाही.