फॅन फिक्शन समजून घ्यायचं तर सुरुवात कुठून करावी?

फॅन फिक्शन म्हणजे आवडत्या मालिकेतली किंवा कादंबरीतली पात्रं आणि जग घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या नव्या कथा. त्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘हे कायद्यात बसतं का?’ प्रश्न रास्त आहे, पण सुरुवात त्याने करू नये. अशी एकही कथा (‘फॅनफिक’) न वाचता कॉपीराइटची कलमं उघडली, तर ती नेमकी कशाला लागू करायची हेच कळत नाही. आधी कथा वाचाव्यात, मग त्या लिहिणाऱ्यांचा समाज पाहावा आणि कायदा त्यानंतर हाती घ्यावा.

कथा वाचा, पण टॅग आधी

आवडती मालिका, कादंबरी किंवा गेम निवडा आणि ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅन फिक्शनच्या संकेतस्थळावर शोधा. चाहते त्याला ‘एओथ्री’ म्हणतात. २००९पासून चालणाऱ्या या संग्रहाला २०१९ साली विज्ञानकथा आणि फँटसीच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. बहुतेक कथा खातं न उघडता वाचता येतात.

कथेच्या वरची टॅगची पट्टी सोडून पुढे जाऊ नका. कथा कोणत्या वयाच्या वाचकांसाठी आहे, त्यात हिंसा किंवा प्रमुख पात्राचा मृत्यू आहे का, कोणती जोडी (म्हणजे ‘शिप’) आहे, मूळ कथेचं जग (‘कॅनन’) पाळलंय की वेगळंच जग (‘एयू’) रचलंय, हे सगळं तिथे असतं. एकाच अर्थाचे वेगवेगळे टॅग स्वयंसेवक हाताने एकमेकांशी जोडतात. या चाहत्यांनी वाचकाची केवढी काळजी घेतली आहे, ते त्या पट्टीत दिसतं.

मग इतिहास

‘फॅनलोर’ हा चाहत्यांनीच लिहिलेला विकी आहे. अडलेला शब्द तिथे शोधा. १९६७ साली ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी ‘स्पॉकॅनालिया’ हे फॅनझीन (चाहत्यांनी स्वतः काढलेलं मासिक) काढलं, तिथून वाचायला घ्या आणि २००७पर्यंत या. त्या वर्षी लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या संकेतस्थळाने शेकडो खाती अचानक बंद केली आणि फॅनलिब ही कंपनी चाहत्यांच्या कथांवर धंदा उभारायला निघाली. आपलं लेखन आपल्याच ताब्यातल्या जागी हवं, या आग्रहातून ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ ही ना-नफा संस्था उभी राहिली. एओथ्री आणि फॅनलोर दोन्ही तिचेच.

अभ्यासू वाचन करायचं असेल, तर हेन्री जेन्किन्स यांचं १९९२चं ‘टेक्स्च्युअल पोचर्स’ घ्या. एओथ्री चालवणाऱ्या संस्थेचं २००८पासूनचं ‘ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स अँड कल्चर्स’ हे संशोधनाचं नियतकालिक विनामूल्य वाचता येतं. तुम्ही स्वतः या विषयावर लिहिणार असाल, तर कथा उद्धृत करण्याआधी तिच्या लेखकाची परवानगी मागा. अनेकजण टोपणनावाने लिहितात आणि ते नाव त्यांनी विचार करूनच घेतलेलं असतं.

आता कायदा

‘पात्रं माझी नाहीत, पैसे कमावत नाही’ ही ओळ कथेच्या डोक्यावर लिहिण्याची जुनी रीत आहे. तिने कायदेशीर संरक्षण मिळत नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १०७, म्हणजे ‘फेअर यूज’ (परवानगीशिवाय चालणारा रास्त वापर), मुळातून वाचा. ते छोटं आहे. न्यायालय चार गोष्टी तपासतं: वापराचा हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, किती भाग घेतला आणि मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम झाला. नफा नसणं हा पहिल्या मुद्द्याचा फक्त एक भाग आहे. म्हणून ‘पैसे घेतले नाहीत, म्हणजे चालतं’ असं कुणी ठामपणे सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. ‘फॅन फिक्शन म्हणजे चोरीच’ हेही तितकंच चुकीचं.

कलमानंतर दोन निकाल वाचा. १९९४च्या कॅम्पबेल निकालात, मूळ कृतीला नवा अर्थ देणारं विडंबन पैशासाठी केलेलं असलं तरी फेअर यूज ठरू शकतं, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. २०२३च्या वॉरहॉल निकालाने, नुसता नवा अर्थ दिला की काम भागत नाही, हे स्पष्ट केलं. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचले की वादाचा गाभा कळतो.

देश बदलला की कायदा बदलतो. कॅनडाने २०१२ साली वापरकर्त्यांच्या बिगरव्यावसायिक निर्मितीसाठी स्वतंत्र अपवाद केला. जर्मनीने २०२१ साली ‘पास्टिश’ला, म्हणजे शैलीच्या अनुकरणाला, जागा दिली. भारताच्या १९५७च्या कायद्यातलं कलम ५२ परवानगीशिवाय वापर चालतो अशा ठरावीक हेतूंची यादी देतं. त्यात फॅन फिक्शनचं नाव नाही. कॉपीराइटची मुदतही तपासा: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, युरोपीय संघात ७०.

कथा विकायचा विचार असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. लिहायला बसण्यापूर्वी फॅनलोरवर मूळ लेखकाची भूमिकाही पाहून घ्या: काही लेखक फॅन फिक्शनचं स्वागत करतात, काहींनी जाहीरपणे नको म्हटलं आहे.