स्वस्तातला क्लोज्ड-बॅक हेडफोन घेताय? आधी तो कानावर बसतोय का बघा

कमी बजेटमधे कुठला हेडफोन घेऊ असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, चष्मा आहे का? समोरच्याला वाटतं टिंगल चाललीये. पण क्लोज्ड-बॅकचं गणितच तसं आहे, कप मागून बंद, पुढून गादी कानाभोवती चिकटलेली आणि मधे हवा कोंडलेली, सगळा बेस त्या कोंडलेल्या हवेच्या जिवावर असतो. चष्म्याच्या काडीने गादी जराशी उचलली की हवा निसटली आणि बेस गेला. म्हणून एकच मॉडेल एकाला दणदणीत वाटतं, दुसऱ्याला पत्र्याचा डबा, आणि दोघंही खरं बोलत असतात.

तेव्हा रिव्ह्यू नंतर वाचा, आधी डोक्यावर घालून बघा. पाठ असलेलं, बेस भरपूर असलेलं गाणं लावा आणि दोन्ही कप हाताने हलकेच दाबा. थोडा फरक पडणारच, पण बेस एकदम उसळून आला तर समजा तुमच्या डोक्यावर तो नीट बसत नाहीये. बहुतेक वेळा फट कानाच्या खाली, जबड्याजवळ असते. चष्मा काढूनही एकदा ऐका. मग वीसेक मिनिटं तसाच घालून बसा, कारण कानाची कड आतल्या जाळीला टेकत असेल तर ते पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही, नंतर जीव नकोसा होतो.

आवाजाचं म्हणाल तर स्वस्त हेडफोनमधे हमखास होणारा घोळ म्हणजे बेस फुगवून ठेवलेला असतो, पहिल्यांदा ऐकताना वा वा वाटतं आणि आठवड्याभराने गायकाचा आवाज चादरीखालून येतोय असं वाटायला लागतं. तबला असलेलं काहीतरी लावून बघा, डग्ग्यावर तळहात घासल्यावर सूर वर चढतो ना, तो चढताना ऐकू यायला हवा, नुसतंच धुम्म धुम्म आलं तर ठेवून द्या. आणि ओपन-बॅकसारखा, म्हणजे कप मागून उघडे असलेल्या हेडफोनसारखा, मोकळा पसारा इथे शोधू नका, क्लोज्डमधे गाणं बरंचसं डोक्यातच वाजतं.

खोक्यावरच्या आकड्यांत फार अडकू नका. 5 ते 35,000 हर्ट्झ लिहिलेलं असतं, पण आपला कान धडधाकट असताना 20 ते 20,000, आणि वयाबरोबर वरचं कमीच होत जातं. ड्रायव्हर, म्हणजे कपातला छोटा स्पीकर, मोठा म्हणजे भारी हेही खरं नाही, सोनीचा एमडीआर-7506 हा 1991 पासूनचा, 40 मिलिमीटरवालाच, तरी अजून स्टुडिओत दिसतो (ट्रेबल, म्हणजे वरचा तीक्ष्ण आवाज, जरा टोचतो, ते सोडा). ओहमचा आकडा, म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा, मात्र बघाच. बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो 32, 80 आणि 250 ओहममधे मिळतो, त्यातला 250 वाला थेट फोनला लावलात तर आवाज दबकाच येणार. फोनवरच ऐकायचं असेल तर 32 च्या आसपासचा घ्या, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम40एक्स 35 चा आहे, शिवाय त्याची केबल काढून बदलता येते.

केबलचं मुद्दाम सांगतोय. माझा पहिला हेडफोन आवाजाला छान होता पण वायर आतच जोडलेली, ती प्लगपाशी तुटली, मग काही महिने एका ठरावीक कोनात मान धरून गाणी ऐकली.

आवाज थोडा इकडेतिकडे असेल तर ईक्यूने (इक्वलायझर, बेस-ट्रेबल कमीजास्त करायची सोय) सुधारता येतो, न बसणारी गादी ईक्यूने बसत नाही. आणि गाद्या सुट्या मिळतात का तेही विचारून ठेवा, रेक्झिनच्या असल्या की काही वर्षांत काळे पापुद्रे कानाला चिकटायला लागतात. बदलताना शक्यतो त्याच मॉडेलच्या घ्या, मी एकदा मऊ म्हणून जाडजूड दुसऱ्याच बसवल्या, आराम झाला खरा पण हेडफोन ओळखू येईना.