भातावरची पाने गुंडाळणारी अळी: आधी दोर ओढा, पंप मग

भादव्यात बेळगावकडच्या खानापूर, येळ्ळूर, वडगावच्या शिवारात भाताचे फुटवे भरात असतात. आभाळ भरलेलं, मधूनच ऊन, अशा दिवसांत पानांवर पांढरे पट्टे दिसायला लागतात. पट्टा दिसला की लगेच पंप पाठीवर घेऊ नका. आधी एक गुंडाळलेलं पान हलक्या हाताने उलगडून बघा. दोन्ही कडा टाके घातल्यासारख्या पांढऱ्या धाग्यांनी जोडलेल्या, आत बारीक काळपट लेंड्या आणि बोट लागताच झटकन मागे सरकणारी पिवळसर हिरवी अळी दिसेल.

अळी तोंडातून धागा काढून या कडेवरून त्या कडेवर नेते. ताणलेला धागा आखडतो आणि पान मिटत जातं. आत बसून ती हिरवा भाग खरवडून खाते. कोळी, पक्षी यांच्या नजरेला सहसा पडत नाही. पण हा आसरा फुकटचा नाही. रेशीम म्हणजे प्रथिन, आणि ते तिने खाल्लेल्या पानातूनच येतं. अंगी लागायचं ते धाग्यात जातं, विणण्याचा वेळही खाण्यातून जातो. दोन-तीन आठवड्यांच्या अळीपणात तिला अशी बरीच पानं मिटवावी लागतात.

आपण घाव घालायचा तो इथेच. बांधात पाणी असताना दोघांनी समोरासमोरच्या बांधांवर उभं राहून काथ्याचा दोर पिकावरून ओढत न्यायचा, मग उलट दिशेने परत. काही पानं उलगडतात, अळ्या पाण्यात पडतात. मग ते पाणी काढून टाका. ज्या वाचतात त्यांना घर पुन्हा बांधावं लागतं आणि तोवर त्या उघड्यावर असतात. हे काम निसवणीच्या आधीच उरका. लोंब्या बाहेर पडल्यावर दोर नको.

युरियाचा हात मात्र आखडता घ्या. नत्र जास्त झालं की पान कोवळं, लुसलुशीत होतं आणि अळीचा सगळा खर्च आपणच भरून देतो. पट्टे दिसत असतील तर वरखताचा (उभ्या पिकाला द्यायच्या खताचा) हप्ता थोडा पुढे ढकला, द्याल तोही विभागून द्या. बांधावरचं गवतही काढा, पतंग तिथेच दडतात.

फुटव्यांच्या अवस्थेत चुडामागे (एका ठोंबामागे) सरासरी 2 गुंडाळलेली पानं, आत जिवंत अळीसकट, मिळाली तरच औषध. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 18.5 एससी 10 लिटर पाण्यात 3 मिली पुरतं. पायरेथ्रॉइड गटातली औषधं भातावर नकोत. अळीवर जगणाऱ्या गांधीलमाश्या आणि कोळी त्याने आधी मरतात, अळी मात्र पुन्हा उसळते. पोटरीत, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणात असताना, शेंड्याचं पान जपा, दाणा मुख्यतः त्याच्यावर भरतो.

पाण्यावर पानाच्या नळ्या तरंगताना दिसल्या तर ती सुरळीतील अळी, वेगळी. तिला पाणी लागतंच. शेत चार दिवस कोरडं ठेवा. ओळख पटत नसेल तर अळीसकट पान घेऊन होबळीच्या (तालुक्यातल्या महसुली मंडळाच्या) रयत संपर्क केंद्रात किंवा मत्तीकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.