गोल्फच्या स्पर्धेत शॉट गळतात कुठे? या चुका टाळा

रविवारी सकाळी नेहमीच्या चौघांनी गप्पा मारत गोल्फ खेळणं आणि त्याच चौघांनी खिशात कार्ड घेऊन क्लबची स्पर्धा खेळणं, हे दोन वेगळे खेळ आहेत. कोल्हापुरात तालमी आणि फुटबॉलच्या गर्दीत गोल्फ खेळणारे तसे मोजकेच. शिरोलीतला एखादा फाउंड्रीवाला, राजारामपुरीतला डॉक्टर, निवृत्त फौजी, एखादा वकील. पण जे खेळतात ते जीव लावून खेळतात. यांचा स्विंग वाईट नसतो. रविवारी सहज नव्वद शॉटच्या आत येणारा माणूस स्पर्धेच्या दिवशी मात्र शंभरी गाठतो, वैतागतो आणि पुढच्या महिन्यात नवा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) घेतो.

ड्रायव्हरचा यात फारसा दोष नसतो. क्लब पातळीवर बहुतेक शॉट स्विंगच्या आधी आणि स्विंगच्या नंतर जातात असं माझं पक्कं मत आहे. कुठे नियम माहीत नसतो, कुठे सवय आडवी येते, कुठे हट्ट. या तिन्हींवर इलाज आहे आणि त्याला एक रुपया लागत नाही.

‘दिला, उचला!’

दोन फुटांचा पट (ग्रीनवर, म्हणजे कपाभोवतीच्या बारीक गवतावर, बॉल कपाकडे ढकलायचा शॉट) राहिला की समोरचा म्हणतो, ‘दिला, उचला!’ मॅचप्लेमध्ये (एकेका होलची समोरासमोर लढत) हे नियमाला धरून आहे. स्ट्रोकप्लेमध्ये (सगळ्या शॉटची बेरीज) असा पट कुणी कुणाला देऊ शकत नाही. बॉल मार्क न करता (जागेवर खूण न ठेवता) सवयीने उचललात तर एक शॉटचा दंड, शिवाय बॉल होता तिथे परत ठेवून कपात घालायचा. तसं न करता पुढच्या होलवर टी शॉट (सुरुवातीचा शॉट) मारलात तर थेट बाद. स्टेबलफोर्ड (प्रत्येक होलला गुण देणारा प्रकार) असेल तर बाद होत नाही, पण त्या होलला शून्य गुण मिळतात.

दंडापेक्षाही या सवयीचं खरं नुकसान वेगळं आहे. वर्षभर दोन फुटांचे पट मारलेच नाहीत, तर स्पर्धेत तोच पट डोंगराएवढा वाटतो. हात थरथरतात, पटर मध्येच थांबतो, बॉल कपाच्या ओठावरून फिरून बाहेर येतो. स्पर्धेआधीचे निदान दोन रविवार तरी चौघांनी ठरवून घ्या: देणं नाही, घेणं नाही, प्रत्येक पट कपात.

‘कुठला मारलास?’

आपल्याकडे सल्ला देण्यात कुणी हात आखडता घेत नाही. समोरच्याचा बॉल पार-थ्रीच्या (तीन शॉटमध्ये संपावं अशा होलच्या) ग्रीनवर पडला की तोंडातून आपसूक निघतं, ‘सात मारलास का आठ?’ स्पर्धेत कितव्या नंबरचा क्लब वापरलास हा प्रश्न म्हणजे सल्ला मागणं. दोन शॉटचा दंड. त्याने प्रेमाने उत्तर दिलं तर त्यालाही दोन. ‘साहेब, खांदा लवकर उघडतोय तुमचा,’ हेही त्यातच आलं, मग सांगणारा कितीही ज्येष्ठ असो.

स्वतःच्या कॅडीला (बॅग वाहणाऱ्या सोबत्याला) काहीही विचारा. अंतर किती, झेंडा कुठे, नियम काय, हे कुणालाही विचारता येतं, कारण ती सगळ्यांसाठी उघडी माहिती आहे. कॅडीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट सांभाळा. तुम्ही पवित्रा घेत असताना तो तुमच्या मागे, रेषेत उभा राहून दिशा दाखवत असेल तर तेही २०१९ पासून चालत नाही. जुन्या कॅडींना ही सवय असते. पहिल्या टीवरच त्यांना नीट, सन्मानाने सांगून ठेवावं.

बॅग आदल्या रात्री उघडा

चौदा क्लब, म्हणजे काठ्या, त्याहून एकही जास्त नाही. बाप-लेक एकच बॅग वापरत असतील, किंवा मित्राचा वेज ‘बघू जरा मारून’ म्हणून आत राहिला असेल, तर पंधरावा कधी आला ते कळतही नाही. जितक्या होलवर तो बॅगेत होता तितके दोन-दोन शॉट, जास्तीत जास्त चार. २००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये शेवटच्या दिवशी इयान वूस्नम आघाडीत होता. दुसऱ्या टीवर बॅगेत दोन ड्रायव्हर निघाले आणि दोन शॉट गेले. तिथे हे होऊ शकतं, तर आपल्याकडे का नाही?

बॅग उघडलीच आहे तर सगळ्या बॉलवर स्केचपेनने स्वतःची खूण करा. एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे बॉल दोघांकडे असणं अगदी नेहमीचं, कारण बरेच जण कॅडीकडूनच जुने बॉल घेतात. चुकीच्या बॉलला दोन शॉटचा दंड आहे. ती चूक पुढच्या टी शॉटआधी दुरुस्त केली नाही तर स्ट्रोकप्लेमध्ये बाद.

‘असेल तिथेच, चला’

बॉल झाडीकडे गेला. मारणारा म्हणतो, ‘असेल तिथेच, चला.’ सगळे चालत पुढे जातात, शोधतात, बॉल मिळत नाही. मग उन्हातून मागे टीपर्यंत परत जायचं, मागचे चार जण कमरेवर हात ठेवून बघत असतात आणि त्या घाईत पुढचा बॉलही तिकडेच जातो.

शंका आली की तिथल्या तिथे प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला हरवला तर धरायचा राखीव बॉल, मारावा. तो मारण्याआधी ‘प्रोव्हिजनल मारतोय’ असं मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं लागतं. ‘अजून एक मारतो’ म्हणून भागत नाही. नीट सांगितलं नाही तर तो दुसरा बॉलच खेळात येतो, दंड लागतो आणि पहिला बॉल फेअरवेवर (मधल्या कापलेल्या पट्टीवर) सापडला तरी उपयोग शून्य. शोधायला वेळ फक्त ३ मिनिटं. पूर्वीची ५ मिनिटं २०१९ मध्येच संपली, तरी बरेच जण अजून जुन्या हिशेबानेच शोधत बसतात.

झाडाखालचा पराक्रम

सगळ्यात महाग चूक ही. बॉल झाडाखाली आहे, मुळांच्या मध्ये अडकलाय. समोर फांद्या, त्यांच्यामध्ये एक फट, फटीतून ग्रीन दिसतंय. अंतर दीडशे यार्ड. खेळाडू वाकून फटीतून बघतो, पाच नंबरचं आयर्न काढतो. कॅडी हळूच म्हणतो, ‘साहेब, बाजूला काढूया का?’ साहेब ऐकत नाहीत. बॉल बुंध्यावर आदळतो आणि आणखी आत जातो. पुढचा शॉट रागाचा, त्याच्या पुढचा आणखी रागाचा. बोगीत (पारपेक्षा एक शॉट जास्त) संपणारं होल आठवर जातं आणि पुढची दोन होल्सही सोबत घेऊन जातं.

खासबागेतला जाणता पैलवान डावात अडकला की आधी सुटतो, चितपटीचं नंतर बघतो. झाडाखाली तेच करायचं. वेज किंवा आठ नंबर घ्या आणि जिथे सर्वात मोकळी जागा आहे तिथे, गरज पडली तर मागच्या बाजूलासुद्धा, बॉल फेअरवेवर काढा. एक शॉट गेला, होल शाबूत राहिलं. स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हा शॉट सरावाच्या रेंजवर दहापैकी किती वेळा जमेल? आठ वेळा जमत नसेल तर स्पर्धेत मारू नका.

मुळांत मारून मनगट दुखावून घेण्यापेक्षा ‘अनप्लेएबल’ (इथून खेळता येत नाही असं) जाहीर करणं शहाणपणाचं. दंड एक शॉट आणि पर्याय तीन: आधीच्या जागेवरून परत मारा, कपापासून बॉलकडे येणारी रेषा धरून हवं तितकं मागे जा, किंवा कपाच्या जवळ न येता दोन क्लब-लांबीच्या आत ड्रॉप करा. क्लब-लांबी मोजायला पटर सोडून सगळ्यात लांब क्लब चालतो, म्हणजे ड्रायव्हर. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून. बऱ्याच जणांना तिसराच पर्याय आठवतो आणि ते परत त्याच झाडाच्या सावलीत ड्रॉप करतात. दुसऱ्या पर्यायाने मागे मोकळं मैदान मिळत असतं, तिकडे वळूनही बघत नाहीत.

क्लब कोणता, आणि ग्रीनवरचं गवत

एकदा मागून वारा असताना सात नंबरने बॉल दीडशे यार्ड गेला होता. तेव्हापासून सात नंबर म्हणजे दीडशे, असं डोक्यात बसलेलं असतं. रोजचा खरा आकडा एकशे तीस-पस्तीसच असतो. बंकर (वाळूचे खड्डे) आणि पाणी बहुतेक वेळा ग्रीनच्या पुढच्या बाजूला असतं, म्हणून कमी पडलेला बॉल जास्त महागात पडतो. एक नंबर मोठा क्लब घ्या आणि सावकाश मारा. अंतर मोजणारं यंत्र वापरत असाल तर त्यातला चढ-उताराचा हिशेब बंद ठेवा. नुसतं अंतर चालतं, स्लोप चालत नाही.

पार ७२ च्या मैदानाचा हिशेब प्रत्येक होलला दोन पट धरून केलेला असतो. म्हणजे ३६ शॉट पटरचे. असं असताना सरावाचा सगळा वेळ ड्रायव्हरला का द्यायचा, हे मला कधीच पटलेलं नाही. सराव करायचाच तर लांबच्या, दहा-बारा मीटरच्या पटचा करा. तीन पट होतात ते बहुधा दिशा चुकल्यामुळे नव्हे, जोर चुकल्यामुळे.

आपल्याकडच्या बहुतेक ग्रीनवर बर्म्युडा गवताच्या जाती असतात. ही उसाच्या रानात शेतकऱ्याला छळणाऱ्या हरळीचीच भावकी. हरळी जमिनीलगत आडवी धावते, म्हणून तिच्या पात्यांना दिशा असते आणि बॉल ती दिशा मानतो. बॉलच्या मागे उभं राहून बघा: गवत चमकदार, फिकट दिसलं तर पाती तुमच्यापासून दूर झुकलेली, पट जोरात जाणार. गडद दिसलं तर उलट, बॉल अडणार. चमकेवरून कळत नसेल तर कपाची कड बघावी. ज्या बाजूला पाती वाढतात त्या बाजूची कड जराशी फाटलेली, सुकलेली दिसते. हिवाळ्यात सकाळी दव असतं तेव्हा ग्रीन संथ असतं आणि ऊन चढलं की तेच ग्रीन पळायला लागतं. पहिल्या आणि दहाव्या होलला एकच जोर लावून चालत नाही.

पुण्याला स्पर्धेला जाणाऱ्यांनी तर पहिल्या टीच्या किमान अर्धा तास आधी पोहोचून सरावाच्या ग्रीनवर जावं. पूना क्लबचं जुन्या झाडांमधलं मैदान आणि ऑक्सफर्डचं डोंगरउतारावरचं मैदान, दोन्हीकडे घरचा अंदाज चालत नाही. हायवेच्या रस्त्यावर मिसळ हाणून थेट टीवर उभं राहू नये. मिसळ खेळ झाल्यावर. बॅगेत गूळ-शेंगदाणे, केळी आणि भरपूर पाणी ठेवा. चालत अठरा होल म्हणजे चार-साडेचार तास, आणि चौदाव्या होलनंतरचे बरेच वाईट शॉट पोट रिकामं असल्यामुळे येतात.

पाऊस आणि वळीव

पावसाळ्यात ‘प्लेसिंग आहे’ (बॉल उचलून चांगल्या जागी ठेवायची सवलत) असं गृहीत धरून बॉल उचलू नका. ती सवलत कमिटीने त्या दिवसासाठी जाहीर करावी लागते. जाहीर झाली असेल तर किती अंतरात आणि कुठे, हेही नोटीस वाचूनच समजून घ्या. पेनल्टी एरियाच्या (पाणवठ्यासारख्या आखलेल्या जागेच्या) बाहेर साचलेल्या पाण्यातून सुटका मात्र फुकट आहे. स्वतःच्या खड्ड्यात रुतलेल्या बॉललाही बंकर आणि पेनल्टी एरियाच्या बाहेर तशी सुटका मिळते. बंकरमध्ये पाणी साचलं असेल तर बंकरच्या आतच फुकट सुटका मिळते. बाहेर यायचं असेल तर एक शॉट द्यावा लागतो. ग्रिप पुसायला एक कोरडा टॉवेल छत्रीच्या आत, काड्यांना अडकवून ठेवा. हातमोजे तीन-चार असू द्या.

एप्रिल-मेमधल्या वळवाबद्दल मी अगदी कळकळीने सांगतो. दुपारनंतर पश्चिमेकडून काळं आलं आणि गडगडलं की ‘एवढं होल संपवूया’ म्हणू नका. धोक्यामुळे खेळ थांबवल्याचा भोंगा झाला की तिथल्या तिथे थांबायचं. नंतर एक पट जरी मारलात तरी बाद. भोंगा झाला नसला तरी विजेचा धोका वाटला तर खेळाडूला स्वतःहून थांबायचा अधिकार नियमानेच दिलेला आहे. झाडाखाली उभं राहायचं नाही, छत्री मिटायची, बॅग लांब ठेवायची, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं. कॅडीलाही सोबत न्यायचं.

हँडिकॅप

हँडिकॅप म्हणजे तुमच्या खेळानुसार तुम्हाला मिळणारी शॉटची सवलत, थोडक्यात सांगतो. २०२० मध्ये आलेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० कार्डांपैकी चांगल्या ८ कार्डांवरून इंडेक्स, म्हणजे हँडिकॅपचा मूळ आकडा, निघतो. चांगलीच कार्डं देणारा माणूस स्वतःचा हँडिकॅप उगाच कमी करून घेतो आणि मग स्पर्धेत मार खातो. वाईटच देणारा बाकीच्यांवर अन्याय करतो. सगळी द्या. मैदान आणि टी बदलली की मिळणारे शॉटही बदलतात, तेव्हा बाहेर गेल्यावर तिथला तक्ता बघा.

कार्ड आणि शंका

१९६८ च्या मास्टर्समध्ये रॉबर्टो दि व्हिचेन्झोने सतराव्या होलला ३ केले होते. त्याच्या मार्करने (कार्डवर त्याचे आकडे लिहिणाऱ्या सोबतच्या खेळाडूने), टॉमी आरनने, ४ लिहिले. दि व्हिचेन्झोने न बघता सही केली. ६५ चे ६६ झाले आणि बॉब गोल्बीबरोबरचा प्लेऑफ एका शॉटने हुकला. नियम आजही तसाच आहे: एखाद्या होलचा आकडा जास्त लिहिला गेला तर तोच धरतात, कमी लिहिला गेला तर बाद. बेरीज चुकली तर चालतं, ती कमिटीची जबाबदारी. प्रत्येक होलचा आकडा आणि दोन्ही सह्या ही तुमची. चहाचा कप बाजूला ठेवा, मार्करबरोबर बसा, एकेक होल मोठ्याने वाचा आणि मगच सही करा.

खेळताना नियमाबद्दल शंका आली आणि रेफरी आसपास नसला तर सोबतच्या चौघांत वाद घालत बसू नका. स्ट्रोकप्लेमध्ये अशा वेळी दोन बॉल खेळता येतात. पुढचा शॉट मारण्याआधी मार्करला सांगायचं की मी दोन बॉल खेळतोय आणि नियमात बसला तर अमुक बॉल धरावा. दोन्ही बॉल कपात घालायचे, दोन्ही आकडे लिहून ठेवायचे. कार्ड देण्याआधी कमिटीला घडलं ते सगळं सांगायचं. दोन्ही बॉलचा आकडा सारखाच आला असला तरीही सांगायचं, कारण न सांगण्याची शिक्षा बाद हीच आहे.