उचल घेतली का? मग आधी वही काढा

दसरा आला की ऊसतोडीची टोळी जमवणारा मुकादम दारात येतो, उचल म्हणजे आगाऊ पैसे मोजून देतो आणि कोऱ्या बाँडवर अंगठा घेतो. आमच्या धारूर-वडवणीकडं हे इतकं अंगवळणी पडलंय की कुणी काही बोलतच नाही. माझ्या बापाचा सगळा हिशोब मुकादमाच्या डायरीत होता, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तेव्हा 18 हजार बाकी निघाली, आमच्याकडं चिटोरंसुद्धा नव्हतं, मग काय, पुढच्या साली परत त्याच टोळीत.

तर कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचाच नाही. रक्कम, तारीख, कोयते (एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी) किती हे आधी लिहायला लावा आन् मोबाईलमधी फोटो काढा. एकट्यानं मागितलं तर "इश्वास नाही का रे" म्हणून गप करतो, पण दहाच्या दहा कोयत्यांनी एकाच दिवशी मागितलं की लिहून देतो, कारण कारखान्याचे पैसे त्यानं पण उचललेले असतात आणि त्याला टोळी दाखवायची असते.

मग वही. रोज रात्री कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, लिहायचं, शाळा शिकलेलं एखादं पोरगं असतंयच टोळीत. तारीख, गाडी नंबर, वजन. कारखान्याच्या वजनकाट्याची पावती मुकादमाकडं जाती, म्हणून गाडी खाली करून ड्रायव्हर आला की आधी पावतीचा फोटो. खाडे (कामावर न गेलेले दिवस), मधी खर्चाला घेतलेले पैसे, दवाखाना, सगळं त्याच दिवशी टाका, उद्यावर ठेवलं की गेलं.

आता गणित बघा. 2024 च्या जानेवारीत संघटना भांडल्या म्हणून 34 टक्के वाढ मिळाली, टनाला 273 रुपयांचे 366 झाले. एका कोयत्याची लाखाची उचल म्हणजे 366 च्या भावानं 273 टन ऊस. नवरा-बायको मिळून दिवसाला दोन टन धरा, तरी 137 दिवस नुसती उचल फेडण्यात जातेत, अन् त्यात एकपण खाडा धरलेला नाही! हे गणित टोळीला एकदा मोठ्यानं वाचून दाखवा, भाषणाची गरज पडत नाही.

गाव सोडायच्या आधी ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र तेवढं घ्या. युनियन रजिस्टर करायला अर्जावर सात जण लागतेत, पण ते नंतर.

पट्टा पडायच्या पंधरा दिवस आधीच सगळ्यांनी मिळून हिशोब मागा, ऊस उभा असतो तवरच आपली गरज असती. आणि वही मुकादमाच्या गाडीत ठिवू नका, पिठाच्या डब्यात ठिवा.