एमजी टीसी, टीडी आणि टीएफ: चाके आणि बैठक यांबाबतच्या या चुका टाळा

इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९४५ ते १९५५ या काळात एमजीच्या टीसी, टीडी आणि टीएफ या मोटारी बाहेर पडल्या आणि त्यांतील काही भारतातही आल्या. मुंबई-पुण्याच्या जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत त्या उभ्या असतात तेव्हा रंग, कातडी आसने आणि क्रोम यांवर झालेला खर्च लगेच नजरेत भरतो. मात्र खाली वाकून चाके पाहिली, किंवा चार पावले मागे सरून गाडी जमिनीवर कशी बसली आहे, म्हणजेच तिची बैठक कशी आहे, ते पाहिले, की त्याच त्या चुका पुन्हा समोर येतात. मालकांना माहिती नसते असे नाही. माहिती मिळेपर्यंत थांबायची त्यांची तयारी नसते, आणि मला खरा राग त्याचा आहे.

कोणत्या गाडीला कोणते चाक, हे आधी पक्के असावे. टीसीला १९ इंची, अरुंद, ४८ स्पोकांची तारेची चाके होती आणि त्यांवर ४.५०-१९ मापाचे, म्हणजे साडेचार इंच रुंद आणि १९ इंची रिमचे, टायर बसत. १९५० मध्ये आलेल्या टीडीला १५ इंची पोलादी पत्र्याची चाके मिळाली. सुरुवातीच्या गाड्यांवर ती सलग तबकडीची होती, पुढे त्यांना वायुवीजनासाठी गोल भोके आली. १९५३ च्या टीएफला पत्र्याची चाके होतीच, पण जादा पैसे मोजून १५ इंची तारेची चाके घेण्याची सोय कारखान्याने दिली होती. टीडीला ती सोय नव्हती. त्यामुळे तारेच्या चाकांवरची टीडी कितीही देखणी दिसली, तरी ती कारखान्यातून निघालेल्या रूपातली गाडी नव्हे. ज्यांना ती तशी आवडते त्यांनी खुशाल वापरावी, परंतु स्पर्धेच्या अर्जात ‘मूळ स्वरूप’ असे लिहू नये.

मोटारसायकलचे टायर

मोटारीचा १९ इंची टायर आपल्याकडे दुकानात मिळत नाही. तो परदेशातून मागवावा लागतो आणि महाग पडतो. मग कोणीतरी सुचवते की बुलेटचे चाकही १९ इंचीच आहे, आणि ३.२५-१९ चे टायर टीसीच्या रिमवर चढतात. ते चढतात, हाच घोटाळा आहे. मोटारसायकल वळणावर कलते, म्हणून तिच्या टायरचा माथा गोलाकार असतो. मोटार कलत नाही, त्यामुळे त्या गोल माथ्याचा अरुंद पट्टाच रस्त्याला टेकतो. सुमारे ८०० किलोंची गाडी आणि वर दोन माणसे, एवढा भार असे टायर वाहतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की त्याची किंमत कळते.

बैठकीचेही नुकसान होते. ४.५०-१९ टायरचा व्यास ढोबळमानाने २८ इंच भरतो, तर ३.२५-१९ चा साडेपंचवीसच्या आसपास. म्हणजे संपूर्ण गाडी सव्वा इंच खाली येते, उंच चाकांमुळे टीसीला लाभलेला डौल जातो, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये ओकीबोकी पोकळी दिसू लागते आणि स्पीडोमीटर जवळजवळ दहा टक्के जास्त वेग दाखवतो. योग्य टायर येईपर्यंत गाडी ठोकळ्यांवर उभी ठेवावी. मेळाव्याची तारीख जवळ आली, हे चुकीचे टायर चढवण्याचे कारण होऊ शकत नाही.

टीडीवर अँबॅसडरचे ५.९०-१५ टायर चढवण्याची जुनी रीत मात्र मी इतक्या कडकपणे नाकारणार नाही. टीडीचे मूळ माप ५.५०-१५ आहे. अँबॅसडरचा टायर हा मोटारीचाच टायर, एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या थरांच्या जुन्या बांधणीचा, आणि त्याने गाडीचा स्वभाव बिघडत नाही. वापरायच्या गाडीला ती तडजोड चालते.

डावे-उजवे हब

या विषयावर मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण यात चाक निखळते.

तारेचे चाक हबवरच्या, म्हणजे अ‍ॅक्सलच्या टोकाला फिरणाऱ्या भागावरच्या, स्प्लाइनच्या दात्यांवर सरकवतात आणि मधोमध दोन कानांचा स्पिनर, म्हणजे एक मोठा नट, आवळून ते पक्के करतात. गाडीच्या डाव्या बाजूच्या हबला सरळ आटे असतात, उजव्या बाजूच्या हबला उलटे. हे अशा विचाराने केलेले आहे की गाडी पुढे जात असताना स्पिनर आवळतच जावा. लक्षात ठेवायचा नियम सोपा आहे: वर आलेल्या कानावर गाडीच्या पुढच्या दिशेने ठोकले की स्पिनर सुटला पाहिजे आणि मागच्या दिशेने ठोकले की आवळला गेला पाहिजे. चारही चाकांना हाच नियम लागू आहे. एका जरी चाकाला तो लागू पडला नाही, तर त्या क्षणी किल्ली खिशात घालावी.

साताऱ्याकडच्या एका गृहस्थांनी आपल्या टीसीचे पूर्ण काम एका गॅरेजकडून करून घेतले होते. गाडी घरी आल्यावर पहिल्याच लांबच्या फेरीत, खंबाटकी घाट उतरताना, पुढच्या उजव्या चाकातून टकटक असा आवाज येऊ लागला. गॅरेजच्या मिस्त्रींनी स्पिनर ठोकून घट्ट करून दिला. थोडे अंतर गेल्यावर पुन्हा तेच झाले. पुन्हा ठोकला, या वेळी मोठ्या हातोडीने. स्पिनरचा कान वाकला, पण आवाज गेला नाही. त्यानंतर त्यांनी मला बोलावले. चाकाच्या मध्याभोवती तांबूस भुकटी जमली होती, म्हणजे स्प्लाइनचे दाते एकमेकांवर घासून झिजत होते. मी स्पिनरवरची अक्षरे पुसून पाहिली, तर उजव्या चाकाच्या स्पिनरवर डाव्या बाजूची खूण होती आणि डाव्या चाकावर उजवीची. बेअरिंग बदलताना दोन्ही पुढचे हब काढले गेले होते आणि बसवताना त्यांची अदलाबदल झाली होती. प्रत्येक स्पिनर आपापल्या आट्यांवर व्यवस्थित चढला, त्यामुळे कोणाला शंका आली नाही, आणि गाडी जितकी पुढे जाई तितका तो सैल होत जाई. घाटात ते चाक निघाले नाही, हे त्या कुटुंबाचे सुदैव म्हणायचे.

‘अहो, पण घट्ट तर केला होता,’ असे ते गृहस्थ पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांचे म्हणणे खरेच होते, आणि म्हणूनच ही चूक मला सर्वांत धोक्याची वाटते: हातोडीच्या जोराने ती काही मैल झाकली जाते. दोन्ही हब आणि दोन्ही चाकांची मधली नळकांडी बदलावी लागली, कारण झिजलेल्या दात्यांवर नवे दाते बसवले तर तेही लवकर झिजतात.

माझी सवय अशी आहे की हब काढण्यापूर्वी त्यावर रंगाने ‘डा’ किंवा ‘उ’ लिहितो. बसवताना दाते स्वच्छ पुसून ग्रीसचा पातळ हात फिरवतो आणि चाक जमिनीवरून उचललेले असतानाच तांब्याच्या हातोडीने स्पिनर आवळतो. छोटी फेरी मारून आल्यावर गाडी परत जॅकवर घेतो, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगतो आणि चाक मागे-पुढे हलवून पाहतो. दात्यांत ढिलाई असेल तर हाताला आणि कानाला ती लगेच कळते. या सगळ्याला अर्धा तास पुरतो. तेवढा वेळ नसणाऱ्याने तारेच्या चाकांच्या वाटेला जाऊ नये.

पाट्यांना दिलेली जादा कमान

टीसीच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या स्प्रिंगा, आहेत. भार आल्यावर ते पाटे बऱ्यापैकी सपाट दिसतात, आणि ते तसेच दिसायला हवेत. आपल्याकडे मात्र सपाट पाटा म्हणजे बसलेला पाटा अशी ठाम समजूत आहे. मालक ते पाटे टेम्पो आणि जीपची कामे करणाऱ्या कारागिराकडे नेतात. तो आपल्या अनुभवाप्रमाणे ते तापवून ठोकतो, भरघोस कमान देतो आणि वर मजबुतीसाठी एक जादा पट्टी घालतो. त्याला दोष देता येत नाही, कारण त्याला कोणी मूळ माप दिलेलेच नसते. तापवून ठोकलेल्या पोलादाचे पाणी मात्र उतरते आणि वर्षभरात ती कमान वाकडीतिकडी बसते.

तोपर्यंत गाडी बकरीसारखी उंच उभी राहते, आणि त्रास एवढ्यावर थांबत नाही. टीसीची चौकट मागच्या अ‍ॅक्सलच्या खालून जाते. म्हणून मागचा भाग जितका उचलाल तितकी ती चौकट अ‍ॅक्सलच्या जवळ जाते आणि उतारावरच्या खड्ड्यात त्याला जाऊन आपटते. पुढचा भाग उचलला की अ‍ॅक्सल मागे कलतो, स्टिअरिंग जड होते. नुसता मागचा भाग उचलला तर उलट होऊन गाडी सरळ रस्त्यावर भटकू लागते. मग मालक स्टिअरिंगच्या पेटीला दोष देतो आणि तिचे काम काढतो. पाटा आणि पुढचा अ‍ॅक्सल यांच्यामध्ये असलेली निमुळती पाचर उलटी बसवणे किंवा हरवणे, हीसुद्धा याच कामात होणारी चूक आहे.

पाटे जुळवताना मी एका वेळी एकच पाटा सुटा करतो, तुटलेली पट्टी तेवढीच बदलतो, बाकीच्या घासून स्वच्छ करतो आणि चारही पाट्यांची कमान एकमेकांशी ताडून पाहतो. डावी-उजवी बाजू समान असणे मला उंचीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगतो. तारेच्या चाकांवर क्रोम चढवू नये. कारखान्याने ती चंदेरी रंगवली होती, मुलाम्याच्या प्रक्रियेने स्पोक ठिसूळ होऊ शकतात, आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत ते क्रोम टिकतही नाही. स्पोकच्या चाकात ट्यूब आणि रिमपट्टी हवीच, आणि आत डोकावणारी स्पोकची टोके घासून सपाट केलेली असावीत. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढणारे कारागीर उत्तम असतात, पण जुने स्पोक कापण्याआधी रिम हबच्या किती बाहेर आहे ते पट्टी लावून मोजून ठेवा, नाहीतर नव्याने बांधलेले चाक गोल फिरेल आणि तरीही मडगार्डला घासेल. टीडीच्या पुढच्या कॉइल स्प्रिंगा कापून गाडी खाली आणू नका. पत्र्याच्या चाकामागे स्पेसर, म्हणजे जाड चकती, घालून ते बाहेर काढू नका.

बैठक मोजायची असेल तर सपाट फरशीवर, टायरमध्ये योग्य हवा भरून, दोन माणसे बसवून आणि पेट्रोल भरून मोजा. टीसीची साडेतेरा गॅलनची टाकी गाडीच्या पार मागच्या टोकाला आहे. ती भरली की तिथे सुमारे ४५ किलोंचा भार पडतो आणि तिच्या मागे सुटे चाक टांगलेले असते ते वेगळेच. टाकी रिकामी ठेवून, सुटे चाक भिंतीला टेकवून घेतलेल्या मापावर पाटे बदलायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. मोजण्याआधी गाडी हाताने चारही कोपऱ्यांवर दाबून सोडावी आणि थोडी पुढे-मागे ढकलावी, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतात. मगच चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना घेऊन वहीत लिहावे.