मातीतले प्रोटोझोआ मोजायचे कसे?

माती थेट मायक्रोस्कोपखाली ठेवून प्रोटोझोआ (अमीबासारखे एकपेशीय सूक्ष्मजीव) मोजू म्हणाल तर नाही जमत, अमीबा कणांना इतके चिकटलेले असतात की दिसतच नाहीत. म्हणून आधी वाढवायचे आणि मग मोजायचे, यालाच एमपीएन (मोस्ट प्रोबेबल नंबर, म्हणजे सर्वात संभाव्य संख्या) पद्धत म्हणतात.

माती ताजीच घ्या, वाळवू नका. वाळली की काही मरतात, काही सिस्ट (कवचातली सुप्त अवस्था) करून बसतात आणि आकडाच बदलतो. १० ग्रॅम माती ९० मिली निर्जंतुक, सौम्य क्षारांच्या द्रावणात टाकून १०-१५ मिनिटं हलवा. ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमधे १२ कॉलम असतात, प्रत्येकात ८ वेल. त्यातले ११ कॉलम दर वेळी ३ पट पातळ करत भरायचे, बारावा मातीशिवाय कंट्रोल, आणि दर वेळी पिपेटची टिप बदलायचा कंटाळा करू नका. खाद्य म्हणून एकदम पातळ ब्रॉथ (बॅक्टेरियांसाठीचं पोषक द्रावण) पुरतो, मातीतलेच बॅक्टेरिया त्यात वाढतात आणि प्रोटोझोआ ते खातात. ब्रॉथ दाट केलात तर बॅक्टेरिया माजतात आणि गढूळपणात काही दिसत नाही.

प्लेट झाकून अंधारात साधारण १५-२० अंशाला ठेवा, दर आठवड्याला इन्व्हर्टेड (खालून बघणाऱ्या) मायक्रोस्कोपने बघा, ३ आठवडे तरी. फ्लॅजेलेट (शेपटीसारख्या तंतूने पोहणारे प्रोटोझोआ) पळतात म्हणून लगेच कळतात, छोटे अमीबा मात्र डोळे फोडतात. प्रत्येक वेलमधे प्रोटोझोआ आहेत की नाही एवढंच लिहा, एमपीएन टेबलमधून आकडा काढा आणि १०५ अंशाला वाळवलेल्या मातीच्या वजनावर आणा.

फक्त सिस्ट हव्या असतील तर दुसरा नमुना रात्रभर २ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडमधे ठेवून तसाच मोजतात, ॲसिडने सक्रिय प्रोटोझोआ मरतात आणि सिस्ट उरतात. एकूण आकड्यातून सिस्ट वजा केल्या की सक्रिय किती ते निघतं, पण ॲसिडने काही सिस्टही मरतात, त्यामुळे हा अंदाजच धरा.